ओठ एकदाच मिटले

मेसमध्ये पोहे वाढणाऱ्या शेवंतामावशींचे ओठ आणि त्यांचा आवाज यांचा मेळ कधी बसायचा नाही. रांग अडवून उभ्या राहिलेल्या एका मुलावर त्यांनी हातातला डाव उगारला, कपाळाला आठ्या घातल्या आणि बरंच काही बोलल्या. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू आलं, "जरा पुढे सरकता का? मागची मंडळी खोळंबली आहेत." मुलगा हसून पुढे सरकला. मावशींचे ओठ अजून हलतच होते, पण कानात काही येत नव्हतं. उरलेल्या वाक्यांना सभ्य रूप सापडलं नसावं.

उत्पला डोंगरेला याचं आता नवल वाटत नसे. कृष्णाकाठच्या त्या निवासी विधी महाविद्यालयात तिचं दुसरं वर्ष चालू होतं आणि पहिल्या दिवसापासून तिच्या कानात 'समश्रुती' होती. हरभऱ्याच्या दाण्याएवढं ते यंत्र. मुलं त्याला मणी म्हणत. बाहेरचा आवाज मणी कानाच्या तोंडाशीच अडवायचा आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत नव्या शब्दांत आत सोडायचा. बोलणाऱ्याचा आवाज ओळखू यायचा, पण गुळगुळीत होऊन; ढंग तर सगळ्यांचा एकच व्हायचा. कुणाचं 'मले', कुणाचं 'माका', कुणाचं 'न्हाई', सगळं प्रमाण मराठीत यायचं. 'तू'चं 'तुम्ही' व्हायचं, 'अरे'चं 'अहो'. टोमणा, शिवी, जातीवरून हिणवणं मणी गाळायचा नाही, कारण गाळलेली जागा कानाला कळते. तो ते बोलणं वळवायचा. अगदीच वळेना, तेव्हाच गप्प व्हायचा.

मणी येण्याआधी या महाविद्यालयातली काही मुलं वर्गातल्या हसण्याला कंटाळून शिक्षण सोडून गेली होती. तोंडी परीक्षेतले गुण उत्तरापेक्षा उच्चारावर ठरतात, असं एका पाहणीत निघालं होतं. मणी आल्यावर ते थांबलं. दिग्रसहून आलेली उत्पला पुण्याच्या शिकवणीवर्गात 'मले वाटते' एवढं म्हणाली, तरी मागचा बाक खिदळायचा. इथे ती तसंच बोलायची आणि कुणी मान वर करून पाहत नसे. पहिल्याच वर्षी ती साक्षीपुराव्याच्या विषयात पहिली आली. आता इंद्रनील जामदार आणि ती, अशी जोडी अभिरूप न्यायालयाच्या राज्यस्तरीय स्पर्धेत अंतिम फेरीला पोहोचली होती. जिंकणाऱ्या जोडीला उच्च न्यायालयात न्यायमूर्तींच्या हाताखाली वर्षभर काम करायला मिळणार होतं. उत्पलाच्या घरात त्याआधी न्यायालयाची पायरी कुणी चढलं होतं ते फक्त आरोपी म्हणून, तिच्या आजोबांच्या वेळी, पाणवठ्याच्या भांडणात.

पोह्यांची ताटली घेऊन ती बसली, तर समोर तौफिक शिकलगार येऊन बसला. तासगावचा हा मुलगा तिच्याच वर्गात होता. अकराव्या वर्षी तापात त्याचं ऐकू येणं गेलं होतं. तोवर बोलणं पक्कं झालेलं असल्यामुळे तो बोलायचा, आणि दुसऱ्याचं बोलणं ओठांवरून वाचायचा. मणी त्याच्या उपयोगाचा नव्हता. महाविद्यालयानं त्याला बोलणं अक्षरांत दाखवणारा चष्मा दिला होता. पण ती अक्षरंही समश्रुतीतूनच यायची. काचेवर एक आणि ओठांवर दुसरं वाचून डोकं फिरतं म्हणून त्यानं तो चष्मा कपाटात टाकला होता.

"अभिनंदन," तौफिक म्हणाला. "इंद्रनील यांच्याबरोबर तुमचं चांगलं जमतं. मला तर आश्चर्यच वाटतं. त्या दिवशी संविधानाच्या तासाला ते तसं म्हणाले, आणि तुम्ही मागे वळून 'धन्यवाद' म्हणालात. मी थक्क झालो. म्हटलं, तुम्ही मणी काढलेला असावा, या बाई साध्या नाहीत."

"कधी? काय म्हणला होता थो?"

तौफिकनं सांगितलं. उत्पलाला ऐकू आलं, "तुम्ही बसा ना. तुम्ही सगळे इथं आहात, हे किती छान झालं."

"हाव, आठवते मले. मंग त्यात काय वाईट?"

तौफिक चमकला. त्यानं तेच वाक्य सावकाश, शब्द तोडून म्हटलं. उत्पलाच्या कानात आलं, "तुम्ही कृपया बसा ना. तुम्ही सगळे इथं आहात, हे खरोखरच किती छान झालं."

"अरे, तेच तं म्हणून राह्यलो मी. चांगलं बोलला."

तौफिकनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या कानाला बोट लावलं आणि काहीतरी उपटून काढल्यासारखा हात केला. उत्पलानं इकडेतिकडे पाहून मणी काढला.

मेसचा खरा आवाज अंगावर आला. ताटांचा खणखणाट तर होताच, पण पलीकडच्या टेबलावरची मुलं एकमेकांना ज्या शब्दांनी हाका मारत होती, ते तिनं दिग्रसच्या बसस्टँडवरही एवढ्या मोकळेपणानं वापरलेले ऐकले नव्हते. शेवंतामावशी कुणाच्या तरी सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. आणि समोर तौफिक बोलत होता, सपाट, मोठ्या, कडा बोथटलेल्या आवाजात. दीड वर्षात त्याचा खरा आवाज तिनं पहिल्यांदा ऐकला.

"तो म्हणाला, 'ए, तू बस खाली. तुमच्या लोकांना इथं घेतलंय न्हवं, तेवढंच बास झालं.'"

शेजारच्या टेबलावरच्या एका मुलीच्या कानावर हे मण्यातून गेलं असावं. ती दोघांकडे बघून गोड हसली.

"नक्की?" उत्पलानं विचारलं.

"'तुम्ही बसा' म्हणताना ओठ दोनदा मिटतात. म्हणून बघ. 'म'ला एकदा, 'ब'ला एकदा. 'तू बस' म्हणताना एकदाच. त्याचे एकदाच मिटले." तौफिक थांबला. "पुढचं मी चुकलो असंन. 'बास' आणि 'पास' मला सारखंच दिसतं. 'तेवढंच पास झालं' म्हणाला असंल तर?"

"त्याले काही अर्थ आहे का?"

"तेच म्हणतोय मी. नाही."

उत्पलाला तो दिवस आठवत होता. तिनं राखीव जागांवरच्या एका निकालाबद्दल प्रश्न विचारला होता. मागून इंद्रनीलचं ते वाक्य आलं होतं. पुण्याच्या त्या वर्गानंतर कुणीतरी असं आपणहून म्हणालं, याचं तिला इतकं बरं वाटलं होतं की तिनं घरी फोन करून आईला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी इंद्रनील तिच्या बाकावर येऊन बसला होता. तिथून त्यांची जोडी जमली.

पोहे गार झाले. तिनं ते तसेच ठेवले.

*

साक्षीपुरावा शिकवणाऱ्या प्राध्यापक हेमांगी चौबळ समावेशन समितीच्याही प्रमुख होत्या. मण्यातून वळू नये म्हणून उत्पलानं ते वाक्य कागदावर लिहून दिलं; बाकीचं बोलणं त्यांनी मध्ये न तोडता ऐकून घेतलं.

"कच्चा आवाज आपण जपून ठेवतो," त्या म्हणाल्या. "मण्याआधीचा, जसाच्या तसा. पण तक्रार आल्याशिवाय तो उघडता येत नाही. आणि उघडला की दोन्ही पक्षांचा उघडतो, प्रवेशापासून आजपर्यंतचा. एखाद्या वेळी तोंडून गेलं, की ती सवयच आहे, ते समितीला पाहावं लागतं."

"म्हणजे आधी तक्रार द्यायची, आन् मंग कळणार तक्रार देण्यासारखं काही होतं का नाही."

"नियम करताना हे आमच्या लक्षात आलं नाही," चौबळ मॅडम म्हणाल्या. "तीन वर्षांत एकही तक्रार आली नाही ना. अहवालात आम्ही ते अभिमानानं लिहितो."

"आन् खरं निघालं तर?"

"प्रवेश रद्द. त्यात दुसरी शिक्षाच ठेवलेली नाही. अंतिम फेरी अर्थातच गेली. नियमानं जोडीदार बदलता येत नाही, म्हणजे तुमचीही." त्यांनी टेबलावरचं पाणी उगाचच सरकवलं. "आता कायद्यानं बघू. चारचौघांत अपमान झाला पाहिजे. वर्गात साठजण होते. साठजणांनी काय ऐकलं?"

"छान झालं म्हणून ऐकलं."

"तुम्ही काय ऐकलंत?"

"तेच."

"मग अपमान झाला कधी? तो बोलला तेव्हा, की तौफिकनं सांगितलं तेव्हा?"

"मॅडम, चोरी झाल्याचं घरवाल्याले महिन्यानं समजलं, तरी चोरी झाली तेव्हाच झालेली असते."

मॅडमच्या चेहऱ्यावर शिक्षकाचा आनंद चमकून गेला. "उत्तम. पण चोरीत वस्तू जाते. इथे तुमचं काय गेलं?"

उत्तर उत्पलाला जिन्यावरून उतरताना सुचलं. तिचं 'धन्यवाद' गेलं होतं. ते तिनं मनापासून दिलं होतं, आणि भलत्याच वाक्याच्या बदल्यात दिलं होतं. पण हे कोणत्या कलमात बसवायचं, ते तिला कळेना.

*

नदीकडच्या पायऱ्यांवर मण्याचा नियम नव्हता. इंद्रनील अंतिम फेरीच्या टिपणांसह आला. त्याचे वडील साताऱ्यातले नावाजलेले वकील, त्यामुळे पायरीवर बसण्याआधी रुमाल अंथरायची त्याला घरचीच सवय होती.

"मणी काढ," उत्पला म्हणाली. तिनं स्वतःचा आधीच काढला होता. "आता सांग. 'तू बस खाली, तुमच्या लोकांना इथं घेतलंय' हे तू म्हणला होता का नाही?"

इंद्रनीलनं काढलेला मणी खिशात टाकला. मग आधी त्यानं भलतंच विचारलं. "तू अशी बोलतेस?"

"मी अशीच बोलतो. दीड वर्ष झालं."

त्याच्या तोंडावर हसू आलं आणि लगेच मावळलं. ते हसू नवलाचं होतं की शिकवणीवर्गातल्या मागच्या बाकाचं, हे तिला ठरवता येईना.

"म्हटलं होतं," तो म्हणाला. "शब्द न् शब्द."

उत्पला नाकारण्याच्या तयारीनं आली होती. तो नाकारेल, ती उलटतपासणी घेईल, असं तिनं मनात मांडून ठेवलं होतं. आता विचारायला एकच प्रश्न उरला.

"काऊन?"

"माहीत नाही. आमच्या घरी जेवताना हे रोज चालतं. आणि मणी होता. तुला ऐकू जाणार नाही हे ठाऊक होतं. सगळेच बोलतात गं तसं. मनात येईल ते तोंडातून सोडायचं, समोरच्याच्या कानात साखर पडते. इथे कुणी जीभ चावतच नाही आता." त्यानं टिपणांची गुंडाळी केली. "पण तू वळलीस आणि माझ्या डोळ्यांत बघून 'धन्यवाद' म्हणालीस. मला वाटलं, तुझा मणी बिघडलाय. तू सगळं ऐकलंयस, आणि तरी एवढंच म्हणालीस. माझ्या बापाला आजवर कुणी असं उत्तर दिलेलं नाही. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी तुझ्या बाकावर आलो."

"मले काहीच ऐकू गेलं नव्हतं."

"हे मला आत्ता कळतंय."

"मी खरंच धन्यवाद म्हणलं होतं. तू चांगलं बोलला म्हणून."

"हो."

"म्हणजे तू बदलला, थे मी कधी बोललोच नाही अशा बोलण्यानं. आन् मी तुह्यावर भरवसा ठेवला, थो तू कधी बोललाच नाही अशा बोलण्यावर."

इंद्रनीलनं मान हलवली. पाण्यात कुणीतरी म्हशी सोडल्या होत्या. त्या निवांत बसून दोघांकडे बघत होत्या.

"तक्रार दे," तो म्हणाला. "मी नाकारणार नाही. वकील बापालाही मध्ये पडू देणार नाही."

"आन् फेरी? उच्च न्यायालय?"

"ते तुझ्या हातात आहे."

"तू असा चांगला कायले वागून राह्यला?" उत्पला ओरडली. "नालायकासारखा वागला असता, तं मले सोपं गेलं असतं!"

त्याला हसू आलं, तिलाही येता येता राहिलं. मग तिला राग आला, पण तो त्या वाक्याचा होता, मण्याचा होता, की आत्ता येता येता राहिलेल्या हसण्याचा, हे तिला सांगता आलं नसतं. ती उठून चालू लागली.

वर येताना तिच्या डोक्यात इंद्रनीलचं एक वाक्य अडकून बसलं होतं. इथे कुणी जीभ चावतच नाही. दिवाळीत ती दिग्रसला गेली, तेव्हा आई तिला म्हणाली होती, "तोंड लयच सुटलं तुह्यं. तिकडं असंच बोलता का तुम्ही?" तेव्हा तिला वाटलं होतं, आई उगाच बोलते.

*

तौफिक ग्रंथालयाच्या ओट्यावर बसला होता. उत्पला त्याच्या समोर, उजेडात उभी राहिली, कारण ओठ सावलीत असले की त्याला वाचता येत नाहीत.

"तक्रार देऊन राह्यलो मी," ती म्हणाली. "कच्चा आवाज निघंलच. पण तू साक्षीदार पाह्यजे. तुह्याशिवाय कोणी पाह्यलं नाही."

"देतो की साक्ष," तौफिक म्हणाला. "पण एक सांगतो. साक्षीदाराला विचारतील ते सगळं सांगावं लागतं. चौबळ मॅडमनीच शिकवलंय."

"सांग ना. कोण नाही म्हणते?"

"तुझंबी सांगावं लागंल."

"माह्यं काय?"

तौफिकनं नजर तिच्या ओठांवरून काढून डोळ्यांकडे नेली. तो असं क्वचितच करायचा.

"जोडी ठरली, तेव्हा तिसरा माणूस घ्यायचा होता तुम्हाला. संदर्भ शोधायला. मी विचारलं होतं. मी समोरच उभा होतो. तू इंद्रनीलकडं बघून म्हणालीस, 'ह्या बहिऱ्याले कायले घेतं? दहा खेपा सांगा लागते.'"

उत्पलाला ती दुपार आठवली. वाक्य आठवलं नाही. तसं काहीतरी म्हटलं असणार, एवढं मात्र आतून कळलं, कारण शब्द तिचेच होते, वळण तिचंच होतं. त्या वेळी इंद्रनीलच्या कानात 'तौफिक यांना सोबत घेण्याआधी थोडा विचार करूया' असलं काहीतरी गेलं असेल. तो "हो, विचार करू" म्हणाला होता. आणि तौफिक मान हलवून निघून गेला होता. तिला वाटलं होतं, त्यानं समजून घेतलं.

त्यानं खरंच समजून घेतलं होतं.

ज्या आवारात साठजणांच्या वर्गाला एकमेकांचा एकही वाईट शब्द ऐकू येत नव्हता, तिथे हा एक मुलगा दीड वर्ष सगळ्यांचं सगळं बघत होता. आणि मणी नव्हता तेव्हा लोक जेवढे जपून बोलायचे, तेवढं जपून आता कुणीच बोलत नव्हतं. उत्पलाही नाही.

"मले माफ कर," ती म्हणाली, आणि हे वाक्य तरी नीट दिसावं म्हणून सावकाश म्हणाली. मग राहवलं नाही तेव्हा विचारलं, "तू कधी तक्रार काऊन नाही दिली?"

"कुणाकुणाची देऊ?" तौफिक म्हणाला. तो रागावलेला दिसत नव्हता. हिशेब लागत नसलेल्या माणसासारखा दिसत होता. "शेवंतामावशींची पण? त्या मला रोज दोन डाव जास्त वाढतात आणि वाढताना जे बोलतात ते... जाऊ दे. आणि तुझी दिली, तर तुझाबी आवाज उघडणार. मग तुझाबी प्रवेश जाईल. मला ते नको. म्हणजे, नको असं वाटतंय. कधी कधी वाटतं, हवं पण."

"तुह्या जागी मी असतो, तं दिली असती."

"मग दे की आता. तुझ्या जागी तूच आहेस."

हा टोमणा होता का, हे त्याच्या सपाट आवाजावरून कळणं शक्य नव्हतं. दोघं बरोबरच समितीच्या खोलीकडे निघाले. कुणी कुणाला चल म्हटलं नव्हतं.

चौबळ मॅडम निघायच्या तयारीत होत्या, दोघांना बघून परत बसल्या. उत्पलानं मणी हातात घट्ट धरला होता. मॅडमनी तो हात पाहिला. त्यांनी स्वतःच्याही कानातला मणी काढला आणि टेबलावर ठेवला. त्यांचा खरा आवाज थोडा घोगरा होता आणि बोलण्यात कोकणातला हेल होता. उत्पलाला तो दीड वर्षात कळला नव्हता.

"बस हो मुली," त्या म्हणाल्या. "तू पण बस रे. काय ठरलं तुझं? तक्रार द्यायचीय?"

"हाव, मॅडम."

"कुणाविरुद्ध?"

इंद्रनीलचं नाव उत्पलाच्या जिभेवर होतं. त्याच्या मागे तिचं स्वतःचं होतं. त्याच्या मागे वर्गातली साठ नावं होती, आणि या तीन वर्षांत एकही तक्रार आली नाही असं अभिमानानं लिहिणाऱ्या बाईंचंही. त्यातलं एक उच्चारलं तर बाकीची सुटतात, आणि सगळी उच्चारली तर एवढ्यांचे प्रवेश कोण रद्द करणार, म्हणजे सगळेच सुटतात. तिनं तोंड उघडलं. शेजारी तौफिक थोडा पुढे झुकून तिच्या ओठांकडे बघत होता.